शेवटच्या चार पानांचं काम

मराठी कथेविषयी आपण भरपूर बोलतो. विषय, भाषा, शैली, कोण ग्रामीण आणि कोण महानगरी, सगळ्याचा कीस पाडून होतो. हाती घेतलेली कथा पुरी कशी करायची, यावर मात्र क्वचितच कुणी लिहितं. दुखणं तसं जुनंच आहे. ‘करमणूक’साठी दर आठवड्याला मजकूर लिहिणाऱ्या हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ तडीस नेली. ‘आजच’, ‘मायेचा बाजार’, ‘कर्मयोग’ आणि ‘कालकूट’ या कादंबऱ्या मात्र अपुऱ्याच राहिल्या. एवढ्या मोठ्या लेखकाची ही गत, तर नवशिक्याने अर्धवट कागदांची लाज कशाला बाळगावी? ते अर्धवट का राहिले, हे मात्र तपासायला हवं.

माझं उत्तर सरळ आहे. बहुतेक कथा अडतात, कारण त्यांतल्या कुणालाच काही करायचं नसतं. नवोदितांची हस्तलिखितं वाचताना हे वारंवार दिसतं. पहिली दोन पानं झकास उतरलेली असतात: चाळीतला नळ, शेवटची एसटी, बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा. मग नायक आठवणीत शिरतो आणि तिथे चांगला रमतो. सातव्या-आठव्या पानावर दुसरं माणूस दारात येऊन उभं राहतं. भाऊ असेल, जुनी मैत्रीण असेल. लेखणी नेमकी इथे थांबते. आता दोघांपैकी कुणीतरी काही मागायला हवं, कुणीतरी नाकारायला हवं आणि त्याची किंमत पुढच्या पानावर चुकवायला हवी. आठवणी काढण्याला अशी किंमत पडत नाही, म्हणून त्या कितीही लांबवता येतात. लेखकाला वाटतं, आपल्याला सुचेनासं झालं. खरं म्हणजे त्याने पात्रावर निर्णयाची वेळच येऊ दिलेली नसते.

फडक्यांच्या काळी ही सवलत नव्हती. ‘प्रतिभासाधन’ १९३१मध्ये आलं आणि कथेला बेतीव बांधणी हवी, ही शिकवण एका पिढीच्या अंगात मुरली. त्यातून कलाटणीचा कारखाना निघाला हे खरं, आणि त्या कथा आज वाचवत नाहीत हेही खरं. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांनी तो साचा मोडला ते योग्यच झालं. पण त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी त्यातून सोयीचा तेवढाच धडा घेतला: शेवट नसला तरी चालतो. ‘शेवट वाचकावर सोडला आहे’ हे वाक्य तेव्हापासून आपल्याकडे ठाण मांडून बसलं आहे.

माडगूळकरांनी मात्र वाचकावर काही ढकललं नव्हतं. ‘माणदेशी माणसं’मधला धर्मा रामोशी आठवा. त्याला नेसायला दिलेलं धोतर अखेरीस त्याच्या मुलीच्या अंगावर दिसतं. लेखक त्यावर भाष्य करत नाही, कलाटणीचा आव आणत नाही. पण धोतर कुणाचं, कुणाला दिलं, कुणी नेसलं, हा हिशेब चोख पुरा होतो. त्या धोतराशिवाय ते लेखन नुसतं हळहळणारं व्यक्तिचित्र उरलं असतं. जी.एं.ची रीत अगदी उलटी. ‘काजळमाया’तल्या कथांत शेवट पहिल्या परिच्छेदापासून दबा धरून बसलेला असतो. कधी कधी तो इतका पक्का असतो की पात्रांना हलायला जागा उरत नाही. ही तक्रार मी करतो खरी, पण अर्ध्यावर सोडलेल्या कथेपेक्षा मला ती अडचण परवडते.

लेखकाला कथा पुरी करायला लावणारी माणसंही तेव्हा होती. ‘सत्यकथे’त राम पटवर्धन आलेल्या कथेवर बारीक नजर ठेवत, लेखकाशी पत्रव्यवहार करत, फेरलेखन सुचवत. त्यावर चिडणारे लेखक होतेच, आणि त्या काटेकोरपणातून एक ठरावीक ‘सत्यकथा’ वळण तयार झालं हा आक्षेपही खोटा नाही. पण १९८२मध्ये मासिक बंद पडलं, तेव्हा ‘तुमचं चौथं पान नको आहे’ असं लेखकाला सांगणारी जागाही बरीचशी गेली.

उरला दिवाळी अंक. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९मध्ये सुरू केलेल्या या प्रथेने मराठीत जितक्या कथा पुऱ्या करवून घेतल्या, तितक्या कुठल्या कार्यशाळेने घेतल्या नसतील. पावसाळ्यात फोन येतो, गणपतीच्या आसपास तगादा सुरू होतो आणि कथा रवाना होते. तारीख कथेला पूर्णविराम देते, शेवट मात्र देत नाही. म्हणून दर वर्षी अंक चाळताना तेच दिसतं: पाऊस सुरू होतो, फोन वाजत राहतो, नाहीतर कुणाला तरी सोयीस्कर मरण येतं. श्रावणातल्या कहाण्या यापेक्षा प्रामाणिक. उतला-मातला, वसा टाकला, हाल झाले, वसा पुन्हा धरला. सुफळ संपूर्ण म्हणण्याआधी त्या सगळं चुकतं करतात.

कथेचा हिशेब असा पुरा करण्याचं काम अलीकडेही काहींनी नेटाने केलं आहे. जयंत पवारांनी गोष्ट कोण सांगतो, ती कुणाच्या हातून निसटते, हाच कथेचा पेच केला. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’मध्ये गिरणगावाच्या पडझडीला त्यांनी हळहळीवर सोडलं नाही. ‘आलोक’मध्ये आसाराम लोमटे पत्रकाराच्या सवयीने घटनेचा पाठलाग करतात, गावातल्या सत्तेपुढे माणूस एक पाऊल टाकतो आणि त्याचे पडसाद कुठवर गेले, हे पाहिल्याशिवाय ते उठत नाहीत.

नव्या लेखकाला यातून एक साधी कसरत घेता येईल. अडलेल्या कथेचं पहिलं पान बाजूला ठेवून आठव्या पानावर दारात आलेल्या माणसापासून सुरुवात करावी, आणि त्याला काय हवं आहे ते त्याच्याच तोंडून वदवावं. निम्म्या कथा तिथेच मार्गी लागतील. बाकीच्या निम्म्यांना वाचणारा संपादक लागेल, आणि तो फुकट मिळत नाही. मराठी प्रकाशक मुखपृष्ठासाठी चित्रकाराला मानधन देतो, मुद्रितशोधनाचे पैसे देतो. संहितेवर महिनाभर बसणाऱ्याचा खर्च मात्र बहुतेक वेळा त्याच्या अंदाजपत्रकात नसतो. दिवाळी अंकवाल्यांना तो आणखी अवघड, कारण जाहिराती येईपर्यंत अंक किती पानांचा होणार, हेच त्यांना ठाऊक नसतं.