दरवाजा एकच नव्हता

बावन्न दरवाजांच्या आपल्या शहरात मेल्झॅक आणि वॉल यांचा १९६५ चा ‘गेट’ सिद्धांत समजावणं सोपं. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो. स्पर्शाच्या जाड तंतूंमुळे मज्जारज्जूतला दरवाजा वेदनेसाठी थोडा लोटला जातो. इथपर्यंत ठीक. पण वेदनेचे बारीक तंतू तिथल्या रोखणाऱ्या पेशींना गप्प करतात, असं आकृतीत दाखवलं, त्याला पुरावा तोकडा होता. शिवाय फक्त वेदनेलाच दाद देणाऱ्या वेगळ्या पेशी त्यांना मान्य नव्हत्या. १९७० मध्ये क्रिस्टेनसेन आणि पर्ल यांना मांजराच्या मज्जारज्जूत, अगदी वरच्या थरात, नेमक्या तशाच सापडल्या! वॉलनी १९७८ मध्ये सिद्धांत नव्याने मांडला. मी मात्र कित्येक वर्षं वर्गात ६५ चीच आकृती काढत होतो.