हातचा अंदाज

आमच्या नांदगावाहून मनमाडला जाऊन दौंडच्या गाडीत बसले, की अहिल्यानगर, म्हणजे आपले जुने नगर, ओलांडल्यावर सारोळा येते. त्याच भागातल्या सारोळा कासारच्या सुमनबाई धामणे सत्तरीच्या घरात असताना नातवाच्या मदतीने यूट्यूबवर स्वयंपाक शिकवू लागल्या. ‘आपली आजी’ हे नाव २०२० साली घरोघर पोचले.

या वयात म्हातारीने कमाल केली, असे जो तो म्हणतो. मला हे कौतुक खटकते. शाळेत गुण देताना मी विद्यार्थ्याचे वय पाहत नाही. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली तेव्हा त्याही पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. पण सुनांनी ते पुस्तक उचलले ते वाटी-चमच्याच्या मापासाठी.

सुमनबाईंनाही तीच कसोटी लावावी. मसाला कोठवर परतावा हे छापील पानाला नीटसे सांगता येत नाही. ते हाताकडे पाहूनच कळते. कारल्याच्या साध्या भाजीने त्यांना लोकप्रिय केले, यात मला तरी नवल वाटत नाही. उणीव आहे, तीही सांगतो. आपले हात पिठात असताना चित्रफीत मागे न्यायची कशी? तेथे ‘रुचिरे’चे उघडे पान बरे!

ऑक्टोबर २०२० मध्ये कोणी आगंतुकाने त्यांचे खातेच बळकावले. पुस्तकाची प्रत हरवली तर दुसरी शेजारणीकडे मिळते. येथे सारी मेहनत एका किल्लीआड. काही दिवसांनी खाते परत मिळाले, आणि बाई पुन्हा कामाला लागल्या.