चार स्वरांचे आक्रमण

व्हिडिओ गेम म्हणजे पोरांचा नाद. त्याची दिवाळी अंकात समीक्षा कसली, असे पुष्कळांना वाटेल. प्रस्तुत लेखकालाही तसेच वाटत असे. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा १९७८ सालचा जपानी खेळ लक्ष देऊन पाहिल्यावर मात्र मत बदलावे लागले. आशय आणि घाट एकमेकांत इतके मुरलेले कादंबरीतही क्वचितच आढळतात.

तैतो कंपनीतील तोमोहिरो निशिकादो यांनी हा खेळ जवळजवळ एकहाती रचला. त्यासाठी लागणारी उपकरणेही स्वतःच जुळवली. अटारी या अमेरिकन कंपनीचा विटा फोडण्याचा ‘ब्रेकआउट’ (१९७६) त्यांच्यासमोर होता. त्या विटा बिचाऱ्या मुकाट फुटत. निशिकादोंना उलटून वार करणारे लक्ष्य हवे होते. विमाने पडद्यावर नीट हलेनात. सैनिक हलत, पण माणसांवर गोळ्या झाडणे कंपनीला रुचेना. मग आले परग्रहावरचे जीव: अष्टपाद, खेकडे, माकूळ यांच्या आकाराचे. एच. जी. वेल्स यांच्या मंगळवासीयांशी त्यांचे नाते उघड आहे.

असे ५५ शत्रू, अकरा-अकरांच्या पाच रांगांत. आडवे सरकत कडेला पोचले की एक पायरी खाली उतरायचे. आपल्याकडे एक तोफ, चार आडोसे आणि एका वेळी एकच गोळा. तो लागेपर्यंत किंवा पडद्याबाहेर जाईपर्यंत दुसरा सुटत नाही. नेम चुकल्याची शिक्षा म्हणजे वाट पाहणे!

खरी गंमत पुढे आहे. इंटेल ८०८० या प्रोसेसरला ५५ आकृत्या एकदम हलवणे झेपत नव्हते, म्हणून सेना संथ चाले. शत्रू मरू लागले की यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेले वेगाने धावत. ही यंत्राची दुबळी बाजू. दुसऱ्या एखाद्याने ती दुरुस्त केली असती. निशिकादोंनी ती ओळखून तशीच ठेवली. वृत्ताचे बंधन कवीला कधीकधी न सुचलेला शब्द देऊन जाते, तसेच हे. आपले यशच शत्रूला बळ देते, आणि शेवटचा एकटा शत्रू सर्वांत भयंकर ठरतो. सोबत उतरत्या चार स्वरांची आवर्तने चालू असतात; विलंबितातून द्रुतात जाणारी ही लय डोळ्यांआधी छातीला कळते.

सगळे मारले तरी विजय नाहीच. नवी सेना येते, तीही आणखी खालून. १०० येनच्या नाण्यांचा जपानात तुटवडा पडला ही कथा रंगवून सांगतात, पण तिला भक्कम पुरावा नाही; या खेळाला असल्या दंतकथांची गरजही नाही.

दोष नाही असे नव्हे. वरून जाणाऱ्या तबकडीचे ३०० गुण तेविसाव्या गोळ्याला, नंतर दर पंधराव्याला मिळतात. हे कळलेला खेळाडू शत्रूकडे पाहायचे सोडून गोळे मोजत बसतो. तिथे रसभंग होतो. १९७९ साली आलेल्या नामकोच्या ‘गॅलॅक्सियन’मध्ये खरे रंग आहेत, झेपावणारे शत्रू आहेत. देखणा खेळ, पण ती आवळत जाणारी लय त्यात नाही.

जपानी खेळाडूंनी एक युक्ती काढली होती. तिला नागोया शहराचे नाव आहे. शत्रूला अगदी शेवटच्या रांगेपर्यंत येऊ द्यायचे. तिथे त्यांच्या गोळ्या तोफेला लागत नाहीत. तेवढ्या वेळात सगळ्यांना टिपायचे. आणखी एक पायरी उतरले की खेळ खलास.