बरणी आणि नोंदवही

‘क्युरेटर’ या पदासाठी मराठीत ‘अभिरक्षक’ हा शब्द रुळला आहे. अभिरक्षक म्हणजे राखणारा. या शब्दाशी माझे भांडण आहे. कारण वैद्यकीय संग्रहालयाच्या बाबतीत तरी तो मुख्य कामाकडेच पाठ फिरवतो. बरणीतले हृदय द्रावणात राखता येते. पण विकार कोणता होता, रुग्ण किती वर्षे जगला, शवविच्छेदनात आणखी काय आढळले, हे कोणी लिहून ठेवले नसेल, तर बरणीत मांसाचा तुकडाच उरतो. त्या तुकड्याला पुराव्याची किंमत आणून देणाऱ्या माणसाला मी लेखक म्हणेन.

हे म्हणणे तपासून पाहायला कॅनडातील माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचे वैद्यकीय संग्रहालय फार उपयोगी आहे. मॉड ॲबट (१८६९–१९४०) यांना मॅकगिलने १८९० साली बी. ए. केले, पण वैद्यकशाखेत स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या बिशप्स महाविद्यालयातून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. १८९८ मध्ये मॅकगिलनेच त्यांना संग्रहालयात साहाय्यक अभिरक्षक नेमले आणि थोड्याच काळात सगळा संग्रह त्यांच्या हाती आला. जिथे स्त्री विद्यार्थिनी म्हणून नको होती, तिथे बरण्या सांभाळायला चालत होती. मॅकगिलची वैद्यकशाखा स्त्रियांना खुली झाली ती १९१८ मध्ये.

ॲबटबाईंची गोष्ट सहसा विल्यम ऑस्लर यांच्यापासून सुरू करतात. ऑस्लर पूर्वी मॅकगिलमध्ये होते. त्यांनी स्वतः केलेल्या शवविच्छेदनांतले अनेक नमुने त्या संग्रहात होते. १८९८ मध्ये बाल्टिमोरला भेट झाली, तेव्हा त्यांनी या तरुण डॉक्टरला संग्रहालयाचे मोल पटवले आणि तिचे आयुष्य बदलले, अशी ही गोष्ट. तीत खोटे काही नाही. तोल मात्र चुकलेला आहे. थोर माणसाचा सल्ला एका संध्याकाळी मिळतो. त्यानंतरच्या कित्येक वर्षांच्या कामाला या कथेत एखादे वाक्य मिळते.

ते काम काय होते? नमुने विस्कळीत होते, बऱ्याच नमुन्यांचा इतिहास हरवला होता. विकृतिशास्त्रज्ञ वायट जॉन्स्टन यांनी ग्रंथालयातील दशांश पद्धतीसारखे वर्गीकरण आखले होते. ॲबटबाईंनी त्यानुसार सूची रचली आणि जुन्या कागदपत्रांशी एकेक बरणी जुळवत नेली. एक विलक्षण हृदय असेच सापडले: दोन जवनिकांचे काम जणू एकाच जवनिकेवर चाललेले, आणि तरी रुग्ण तरुणपणापर्यंत जगलेला. त्यांनी ऑस्लरना लिहून विचारले आणि धागा अँड्र्यू होम्स यांनी १८२४ साली छापलेल्या वर्णनापर्यंत पोचला.

जन्मजात हृदयविकार एकेका रुग्णालयात तुरळक दिसत. एका डॉक्टरच्या अनुभवावरून त्यांचे प्रकार ठरवणे अशक्य होते. अनेक ठिकाणच्या नोंदी एकाच पद्धतीने लिहून शेजारीशेजारी मांडल्या, तरच नियम दिसणार होता. म्हणजे संशोधनाची पद्धत सूचीतूनच आली. ऑस्लरसंपादित वैद्यकग्रंथासाठी १९०८ साली त्यांनी लिहिलेले प्रकरण ४१२ रुग्णांच्या नोंदींवर उभे होते. १९३६ च्या त्यांच्या ॲटलासमध्ये ही संख्या १,००० झाली. ते प्रकरण येण्याआधी, १९०७ मध्ये, आगीत संग्रहाचा मोठा भाग गेला होता. निरनिराळ्या वैद्यकीय संग्रहालयांना जोडणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा कारभारही त्यांनी वर्षानुवर्षे पाहिला. एवढे करून मॅकगिलमध्ये त्यांची पदोन्नती साहाय्यक प्राध्यापकपदावर थांबली. दिएगो रिव्हेराने मेक्सिको शहरातील हृदयरोग संस्थेच्या भित्तिचित्रात त्यांना जागा दिली, ती त्यांच्या मृत्यूनंतर.

पण नोंदवहीला लेखन म्हणायचे, तर तिची समीक्षाही करावी लागते. तो प्रसिद्ध नमुना आज ‘होम्सचे हृदय’ म्हणून ओळखला जातो. ज्याच्या छातीत ते धडधडले, त्याचे नाव त्या संज्ञेत नाही. वर्णन लिहिणाऱ्या डॉक्टरचे आहे. ‘१,००० रुग्ण’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा हजार घरांतली लहान मुले आणि तरुण माणसे एका आकड्यात गोळा होतात. रुग्णाची ओळख गुप्त ठेवणे आज योग्यच मानले जाते. तरी नाव झाकणे वेगळे आणि माणूस होता हेच विसरणे वेगळे. वय, व्यवसाय, किती दिवस सोसले, एवढे लिहिलेले असले, तरी बरणीसमोर उभा राहणारा विद्यार्थी आवाज खाली आणतो. चांगली नोंद विज्ञानाची गरज भागवते, तशी ही सभ्यताही शिकवते. ॲबटबाईंच्या कामाचे मोठेपण मानूनही, संग्रहालयांच्या परंपरेने हे दुसरे काम अर्धवट ठेवले असे मला वाटते.

त्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९५५ मध्ये नाव बदलले. ‘वैद्यकीय संग्रहालये’ जाऊन ‘विकृतिशास्त्र’ आले. शास्त्र पुढे गेले, ते ज्या खोलीत वाढले तिचे नाव गळाले. मॅकगिलने मात्र आता आपल्या संग्रहालयाला ॲबटबाईंचेच नाव दिले आहे.

आपल्याकडेही वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्राचे संग्रहालय असते आणि परीक्षेच्या ‘स्पॉटिंग’साठी विद्यार्थी तिथल्या बरण्या पाठ करतात. तपासणीला येणाऱ्यांना नमुने मोजता येतात. नोंदी वाचायला वेळ लागतो, आणि त्या लिहिणाऱ्याला तर त्याहून जास्त. म्हणून एखाद्या संग्रहालयाचा दर्जा ठरवताना मी बरण्यांची संख्या शेवटी विचारीन. आधी नोंदवही मागेन, शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहीन, आणि ती लिहिणाऱ्याला महाविद्यालयात कोणते पद आहे, हे विचारीन.