दिपोटी आले, शाळा सजली!

दिवाळीच्या खरेदीत सोन्याच्या आणि कापडाच्या पंगतीला आता मोबाईल फोनही येऊन बसला आहे. त्याच्या गुणवर्णनात एक आकडा हटकून असतो : अमुक कसोटीत इतके लाख गुण! ग्रंथांची समीक्षा करणाऱ्याने या आकड्याच्या वाटेस का जावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, हा आकडाही एक अभिप्रायच आहे. आणि आपली परीक्षा चालली आहे हे ज्याला आधीच कळते, त्याच्याविषयीचा अभिप्राय कितपत मानावा, हा आमच्या धंद्यातला जुनाच प्रश्न आहे.

गीकबेंच, अँटुटू, थ्रीडीमार्क ही या कसोट्यांची नावे. फोनला ठरावीक कामे सांगायची, म्हणजे फाइल आवळून लहान करणे किंवा खेळातल्यासारखी दृश्ये रंगवणे, आणि ती त्याने किती झपाट्याने केली यावरून गुण द्यायचे. २०२३ मध्ये आलेल्या गीकबेंच ६ ने इंटेलचा एक प्रोसेसर प्रमाण मानून त्याला २५०० गुण दिले. ज्याला ५००० मिळतील तो दुप्पट वेगवान. येथवर सारे स्वच्छ आहे.

पण जुन्या मराठी शाळेत दिपोटीसाहेब येणार म्हटले की काय होई? भिंती सारवल्या जात आणि हुशार मुले पुढच्या रांगेत येत. तोच प्रकार येथे झाला. २०१३ साली सॅमसंगच्या गॅलेक्सी एस४ च्या एका प्रकारात दृश्ये रंगवणारा भाग कसोटीचे नाव ओळखताच ५३३ मेगाहर्ट्झने धावे. एरवीच्या खेळांना मात्र ४८० ची मर्यादा. २०१८ मध्ये हुआवेच्या काही फोनांना अशाच कारणासाठी थ्रीडीमार्कच्या यादीतून काढण्यात आले. २०२१ मध्ये वनप्लस ९ प्रो ने उलटी युक्ती केली : रोजच्या वापरातली ॲप्स मंद ठेवली आणि कसोटीला तेवढी मोकळीक दिली. पुढच्याच वर्षी सॅमसंगच्या एस१० पासून एस२२ पर्यंतच्या मुख्य फोनांना गीकबेंचने याच कारणावरून वगळले.

वेग आवरणे हे काही पाप नव्हे. तापलेल्या फोनाने दमाने चालावे, यात शहाणपणच आहे. माझा आक्षेप एवढाच, की जो वेग ग्राहकाच्या वाट्याला यायचा नाही, तोच त्याला दाखवून पैसे घेतले जातात.

मग कसोट्या फेकून द्याव्यात काय? मुळीच नाही. २०१७ च्या डिसेंबरात गीकबेंचच्या जॉन पूल यांनी असंख्य आयफोनांचे गुण एकत्र मांडून पाहिले, तेव्हा एकाच जातीच्या फोनांत काहींचे गुण ठरावीक पायऱ्यांनी खाली उतरलेले दिसले. त्यानंतर ॲपलने मान्य केले, की बॅटरी जुनी झाल्यावर फोन अचानक बंद पडू नये म्हणून त्याचा वेग कमी केला जातो. ज्यांना आपला फोन म्हातारा झाला असे वाटत होते, त्यांतल्या अनेकांचे काम नव्या बॅटरीवर भागणारे होते. जो आकडा विक्रेत्याच्या हाती जाहिरात होता, तोच येथे ग्राहकाच्या बाजूचा साक्षीदार ठरला.

म्हणून माझे मत असे, की आकडा वाचावा, पण एकटा वाचू नये. थ्रीडीमार्कची एक कसोटी तेच काम लागोपाठ वीस वेळा करून घेते. पहिल्या फेरीचे गुण आणि विसावीचे गुण यांत किती अंतर पडले, हे मला त्या लाखांच्या आकड्यापेक्षा अधिक बोलके वाटते. घरी आणलेला फोन पहिल्या मिनिटापुरता वापरायचा नसतो. सुनेचा व्हिडिओ कॉल तासभर चालतो, नातवाचा खेळ त्याहून अधिक. दिपोटी निघून गेल्यावर शाळा कशी चालते, हे पाहूनच मुलाचे नाव घालावे!