कॅशेची किल्ली आणि मराठी अक्षर

वेब-अनुप्रयोगांत वारंवार लागणाऱ्या वस्तू स्मृतीत तात्पुरत्या साठवून ठेवतात. या साठ्याला कॅशे म्हणतात. त्याची चर्चा बहुधा जागेच्या हिशेबापुरती चालते : स्मृती किती द्यावी, कोणती वस्तू केव्हा काढावी. वस्तू ज्या नावाने ठेवली जाते त्या नावाकडे, म्हणजे किल्लीकडे, क्वचितच कोणी पाहते. मराठीपुरते बोलावयाचे तर खरी अडचण तेथेच आहे.

२००३ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी मेमकॅश्ड ही प्रणाली रचली. तीत किल्ली २५० बाइटांपलीकडे जाऊ शकत नाही. आणि ती बाइटशः जुळली तरच वस्तू हाती लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. टक्केचिन्हांच्या पद्धतीने लिहिल्यास ९. म्हणजे २५० बाइटांत जेमतेम २७ चिन्हे. मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तिने लांब किल्लीऐवजी तिचा ठराविक लांबीचा संक्षेप वापरण्याची सोय केली आहे. सोय चोख आहे. पण ती लांबीपुरती. एकच शब्द दोन प्रकारे लिहिला गेला तर काय, हा प्रश्न तिने सुटत नाही.

पंढरपूरच्या आषाढी यात्रेचे उदाहरण घ्यावे. समजा, ‘वारकऱ्यांसाठी’ या शब्दाने शोधलेली सूचना कॅशेत ठेवली. यातील ‘ऱ्य’ दोन रीतींनी लिहिता येतो : ऱ, हलन्तचिन्ह आणि य, किंवा साधा र, हलन्तचिन्ह, शून्य-रुंदीचा जोडक आणि य. दुसरी रीत युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून टिकून आहे. डोळ्यांना दोन्ही एकच. यंत्राला मात्र पहिला शब्द ३९ बाइटांचा व दुसरा ४२ बाइटांचा. परिणामी एकच सूचना दोनदा साठते, आणि स्मृती भरताच दुसऱ्या एखाद्या उपयुक्त वस्तूला जागा सोडावी लागते. हेही एक वेळ चालेल. परंतु सूचना बदलली आणि एकाच किल्लीची वस्तू पुसली गेली, तर दुसऱ्या रीतीने लिहिणाऱ्या वारकऱ्यास मुदत संपेपर्यंत जुनीच वेळ दिसत राहील.

युनिकोडचे प्रमाणीकरण येथे अपुरे पडते. ऱ आणि नुक्तायुक्त र यांना ते एक मानते. जोडकाच्या रीतीला मानीत नाही. म्हणून काही जण शून्य-रुंदीची सर्व चिन्हे सरसकट गाळून किल्ली ‘स्वच्छ’ करतात. हा उपाय रोगाहून वाईट आहे. जोडक गेला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि ‘आचाऱ्यास’ विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘आचार्यास’ मिळते. रफार आणि चंद्रकोरी र यांतील भेद मराठीत अर्थभेदक आहे. तो केवळ लेखनाचा अलंकार नव्हे. मीडियाविकी पृष्ठनामांतून दिशादर्शक अदृश्य चिन्हे काढते, परंतु हा जोडक राहू देते. त्यामुळे पुनरावृत्ती टळत नाही, तरी अर्थ शाबूत राहतो. दोहोंपैकी एकच दोष पत्करावयाचा असेल तर हाच पत्करावा.

वास्तविक दोन्ही दोष टाळता येतात. प्रथम र, हलन्तचिन्ह व जोडक या त्रयीच्या जागी ऱ व हलन्तचिन्ह घालावे. उरलेले जोडक मराठी मजकुरात केवळ आकारासाठी असतात, ते नंतर गाळावेत. क्रम उलटला तर भेद कायमचा नाहीसा होतो. ‘ॲ’ची गोष्ट अशीच. २००८ च्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. अ आणि चंद्र जोडून लिहिलेले त्याचे जुने रूप मात्र प्रमाणीकरणाने त्याच्याशी जुळत नाही. ती जुळणीही हातानेच करावी लागते.

आणखी स्मृती वाचविण्यासाठी विभक्तिप्रत्यय काढून किल्ली बनविण्याची कल्पना सुचू शकते. ती मात्र सर्वस्वी त्याज्य होय. सोलापूरहून सुटणारी गाडी आणि सोलापूरला येणारी गाडी यांचे वेळापत्रक एका किल्लीखाली ठेवणे कोणत्याही प्रवाशास परवडणारे नाही.