यंत्रापुढची पाळी

पांढुर्णा आणि सौसर येथील बाजारात सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही पाहिलेल्या व्हिडिओ गेमच्या खोल्या आज कोणी आठवीत असेल असे वाटत नाही. दाराला मळकट पडदा, आत दोन-तीन लाकडी पेट्या, पेटीत जुन्या टीव्हीची काच, आणि दाराशी टोकनांचा डबा मांडीवर घेऊन बसलेला मालक, एवढाच तो संसार. देवळाच्या मंडळाच्या बैठकीत या खोल्यांविरुद्ध बोलणे निघाले तेव्हा आम्हीही मान डोलावली होती. पोरे शाळा बुडवितात, घरातील सुटे पैसे नाहीसे होतात, हे आक्षेप खोटे नव्हते. तरीही त्या मान डोलावण्याचा आज आम्हांस संकोच वाटतो. तो का, हे सांगावयाचे तर या खोल्यांची जगातील इतर खेळगृहांशी तुलना करणे भाग आहे.

या यंत्रांचे कूळ फारसे सोवळे नाही. अटारी कंपनीचे ‘पाँग’ हे यंत्र १९७२ साली प्रथम मांडले गेले ते कॅलिफोर्नियातील सनीव्हेल गावच्या एका मद्यगृहात. पुढे दहा वर्षांच्या आत अमेरिकेच्या गावोगावी अशी खेळगृहे झाली. त्यांतील रोषणाईचे आम्हांस कौतुक नाही. कौतुक आहे ते एका चालीचे. पाठीमागे उभ्या असलेल्या मुलाने पंचवीस सेंटचे नाणे यंत्राच्या काचेखालील कडेवर ठेवले की पुढची पाळी त्याची. चिठ्ठी नाही, पहारेकरी नाही. अनोळखी पोरांनीही तो क्रम पाळावयाचा. महाप्रसादाच्या पंगतीत आपल्याकडे शहाणीसुरती माणसे कशी वागतात ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांस या कडेचे मोल अधिक सांगावयास नको.

जपानची गोष्ट निराळी. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो कंपनीसाठी रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ तेथील चहाकॉफीच्या दुकानांत मेजांच्या काचेखाली जाऊन बसला, आणि जपानी खेळगृहास बैठकीचे वळण लागले ते पुढेही राहिले. द्वंद्वाच्या खेळांचा काळ आला तेव्हा तेथे दोन यंत्रे पाठीस पाठ लावून ठेवीत. प्रतिस्पर्धी पलीकडे बसलेला, त्याचे तोंड दिसावयाचे नाही, केवळ त्याचा हात काचेवर प्रकट व्हावयाचा. खेळाची शुद्धता पाहिली तर ही मांडणी सर्वश्रेष्ठ होय, आणि यंत्रांची निगा म्हणाल तर तेथील निगेशी कोणाची बरोबरी नाही. पण मुद्रेवाचून कुस्ती ती कसली, असे आम्हां आखाड्याच्या गावच्या माणसांस वाटल्यावाचून राहत नाही. जपानने या गृहांवर १९८५ पासून कायद्याचा अंमल बसविला, मध्यरात्रीनंतर ती बंद ठेवावयास लावली. सरसकट बंदी मात्र केली नाही. १९८६ साली तेथे २६,००० हून अधिक खेळगृहे होती. २०१९ साली ती ४,००० च्या आसपास उरली. घरचे यंत्र आणि खिशातील फोन यांनीही त्यांस पोखरले.

आता आमची खोली. यंत्राच्या दृष्टीने ती सर्वांत दरिद्री. आतील पाटी बहुधा नकली, दांडी खिळखिळी, बटणांपैकी एखादे मुके. परंतु तेथे एक चमत्कार घडत असे. कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ अमेरिकेतील एका चित्रकथेवरून घेतलेला; भारतातील पोरांनी त्याचे बारसे पुन्हा केले. त्यातील टोपीवाल्या गड्याच्या नावावरून सारा खेळ ‘मुस्तफा’ झाला, आणि मूळ नाव ठाऊक नसतानाही देशभर त्यास तेच नाव राहिले. एका पेटीशी तिघे खांद्यास खांदा लावून उभे, आणि त्यांच्या मागे आठ-दहा रिकाम्या खिशांचे पंडित. कोणता शत्रू कोठून येणार, खाद्य कोणत्या पिंपात दडले आहे, हे सारे मागून अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत पुकारले जाई. एका टोकनात डझनभर पोरांची संध्याकाळ निघे. हा हिशेब त्या बैठकीत कोणी मांडला नाही, आम्हीही नाही.

बंदीचा मोह आम्हांसच झाला असे नाही. १९८१ साली फिलिपिन्समध्ये मार्कोस यांनी ही यंत्रेच निषिद्ध ठरविली. १९८२ साली मॅसॅच्युसेट्समधील मार्शफील्ड या लहानशा गावाने मतदान करून तेच केले. प्रकरण न्यायालयात गेले, बंदी टिकली, आणि २०१४ पर्यंत तशीच राहिली. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९५ साली कर्नाटकातील खेळगृहांचा वाद आला, तेव्हा अशा खेळांस परवान्याचे बंधन घालण्याचा अधिकार मान्य झाला. त्यामागे जुगाराची भीती होती, आणि ती अनाठायी नव्हती. आमच्या गोमंतकीय वाचकांस हा भेद उमगण्यास अडचण पडू नये: पंचतारांकित हॉटेलांत पैसे टाकून पैसे काढण्याच्या यंत्रांना गोव्यात १९९२ साली वाट मिळाली, आणि त्यांच्यापाठोपाठ काय आले ते मांडवीच्या पात्रात नांगर टाकून उभे आहे. मुस्तफाची पेटी जिंकल्यावर काही देत नसे. फार तर पुढची पायरी देई.

पाळी आणि बघे यांचा विचार पांढुर्ण्यात करावयाचा तर गोटमार टाळता येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी सावरगाव, मध्ये पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा. दगडांनी शेकडो माथी फुटतात, जीवही गेले आहेत. या खेळाचे समर्थन आम्ही करणार नाही, चंडीमातेच्या नावानेही नाही. परंतु प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू आणून दिले तेव्हा लोकांनी ते घेतले नाहीत, यात विचार करण्याजोगे काही आहे. फेकण्याची वस्तू बदलली की खेळ बदलेल असा अधिकाऱ्यांचा समज. दोन्ही काठांवर उभ्या असलेल्या हजारोंचे काय करावयाचे, याचे उत्तर त्या चेंडूंत नव्हते. आम्हीही पेटीस दोष दिला, आणि तिच्यामागील घोळक्याकडे पाहिले नाही. फरक इतकाच की तो घोळका निरुपद्रवी होता आणि मोडण्यास सोपा होता.

खोल्या गेल्या त्या मात्र आमच्या बैठकीने नव्हे, फोनने. २०२५ साली केंद्राने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तो आवश्यकच होता. त्या खेळांत पोराच्या मागे कोणीही उभे नसते. किती हरला हे बापासही उशिरा कळते. पडद्याआडच्या त्या खोलीत कोणाचे पोर किती टोकने घेऊन आले हे सगळ्या बाजारास ठाऊक असे.

गेल्या शनिवारी सौसरजवळ जामसावळीस निद्रिस्त मारुतीच्या दर्शनास गेलो होतो. बाहेर ओट्यावर पाच-सहा मुले ओळीने बसली होती, प्रत्येकाच्या हाती आपापला फोन. आम्ही एकाच्या मागे जाऊन उभे राहिलो व कोणता खेळ म्हणून विचारले. त्याने आधी फोन उपडा केला. मग आम्ही रागावत नाही असे पाहून पुन्हा वळवला, आणि थोडा आमच्या बाजूला कलता धरला.